खांद्याची खतावणी

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख द्या, असं चिटणीसांनी सांगितलं तेव्हा त्यांची अपेक्षा वेगळी असावी. मी बँकेतला माणूस. सोसायटीची पहिली काही वर्षं हिशेबाच्या वह्या मीच लिहिल्या. त्यामुळे 'आपली २५ वर्षांची आर्थिक वाटचाल' असं काहीतरी ते गृहीत धरून बसले होते. ती वाटचाल वार्षिक अहवालांत आहेच. ज्यांना रात्री झोप येत नाही त्यांनी ते अहवाल जरूर वाचावेत. मी मात्र आज खांद्याबद्दल लिहिणार आहे.

खांदाच का? एक तर इथे राहायला आलो तेव्हा आपल्यापैकी बरेच जण पंचेचाळीस-पन्नाशीत होते, ते आता सत्तरीत आहेत. संध्याकाळी बाकावर बसणाऱ्या आमच्या मंडळात गुडघ्याच्या खालोखाल तक्रार असते ती खांद्याची. दुसरं कारण जरा अवघड आहे. या विषयात माझ्या हातून एक चूक झाली आणि ती आपल्याच सोसायटीतल्या एका स्नेह्यांना भोवली. त्यानंतर मी मिळेल ते वाचलं, भेटेल त्या डॉक्टरांना विचारलं. तेव्हा कळलं की खांद्याच्या उपचाराचा इतिहास तीन हजार वर्षांहून जुना आहे, आणि मी केली तशी चूक त्या इतिहासात पुष्कळांनी केलेली आहे.

मी डॉक्टर नाही. हा लेख म्हणजे औषधाची चिठ्ठी नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो.

वडिलांचा फळा

सुरुवात घरापासून करतो. साल १९६१. आमचं गाव कराडजवळ. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. ऐन पावसाळ्यात शेताच्या बांधावरून घसरून ते उजव्या हातावर पडले आणि खांदा उतरला. ओढ्याला पाणी आलेलं, कराडला जाणं शक्य नव्हतं. शेजारच्या गावच्या हाडवैद्यांना बोलावून आणलं. मी तेव्हा दहा वर्षांचा. कंदील धरायचं काम माझ्याकडे होतं. त्यांनी वडिलांना जमिनीवर निजवलं, स्वतः शेजारी बसले, काखेत टाच रोवली आणि दोन्ही हातांनी मनगट धरून हात ओढला. वडिलांच्या तोंडून निघालेला आवाज मला अजून आठवतो. मग आतून खट्ट असं काहीतरी झालं आणि खांदा बसला. हळद-रक्तबोळाचा लेप लावून, धोतराच्या फडक्याने हात छातीशी बांधून ते निघून गेले.

महिन्याने फडकं सोडलं, पण हात वर जाईना. खांद्याचा गोलवा गेला, हाड वर उठून दिसायला लागलं. त्यानंतर वडील निवृत्त होईपर्यंत फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागातच लिहायचे. वरच्या बाजूला तारीख आणि वार लिहायला वर्गातल्या एखाद्या उंच मुलाला उठवायचे. मी त्याच शाळेत होतो. मुलं हसायची नाहीत, पण मला वाईट वाटायचं. आणि पुढे पन्नास वर्षं मी मनातल्या मनात त्या हाडवैद्यांच्या नावावर ही रक्कम खर्ची टाकून ठेवली होती.

बशीवरचं लिंबू

खांदा इतका सहज का उतरतो, हे आधी समजून घेतलं पाहिजे. आपला खुबा म्हणजे उखळात बसवलेलं मुसळ. खोल, पक्का. खांदा म्हणजे उथळ बशीवर ठेवलेलं लिंबू. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि खांद्याच्या पात्यावरची त्याची खोबण लहान. म्हणून तर हात पुढे, मागे, वर, चहूकडे फिरतो. दुसरा कोणताही सांधा एवढा फिरत नाही. पण फिरण्याची ही मोकळीक स्थैर्य देऊन विकत घेतलेली आहे. लिंबू बशीवर धरून ठेवायचं काम चार स्नायूंच्या पट्ट्या करतात. त्यांना डॉक्टर 'रोटेटर कफ' म्हणतात. शर्टाच्या कफाने मनगट वेढावं तसा तो दंडाच्या हाडाचा गोळा वेढून असतो.

उतरलेला खांदा डोळ्यांना दिसतो आणि बसला की लगेच कळतं. त्यामुळे माणसाने खांद्याच्या दुखण्यांपैकी सर्वांत आधी यावर इलाज शोधला. इजिप्तमध्ये दुसऱ्या रामसेस राजाच्या काळातल्या इपुई नावाच्या माणसाच्या थडग्यात भिंतीवर एक चित्र आहे. काम करताना इजा झालेल्या माणसाचा हात दुसरा माणूस धरून वळवतो आहे. हे चित्र तीन हजार वर्षांहून जुनं आहे. गंमत म्हणजे स्वित्झर्लंडच्या थिओडोर कोखर यांनी १८७० साली खांदा बसवण्याची जी रीत प्रसिद्ध केली (कोपर दुमडायचं, हात हळूहळू बाहेर वळवायचा, उचलायचा आणि मग आत आणायचा), ती या चित्राशी इतकी जुळते की १९६८ साली एका डॉक्टरांनी कोखरची पद्धत तीन हजार वर्षं जुनी आहे असा लेखच लिहिला. कोखर यांना पुढे १९०९ साली नोबेल मिळालं, पण ते थायरॉइडच्या कामासाठी.

ग्रीसचे हिपोक्रेटिस आपल्यापासून सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वीचे. सांध्यांवरच्या त्यांच्या ग्रंथात खांदा बसवायच्या अनेक रीती आहेत. त्यातली एक वाचताना मी चष्मा काढून पुन्हा वाचलं. रोग्याला जमिनीवर निजवा, शेजारी बसा, काखेत टाच द्या, हात ओढा. म्हणजे १९६१ साली कंदिलाच्या उजेडात मी जे पाहिलं, ते हिपोक्रेटिसचंच तंत्र होतं! कराडजवळच्या त्या गावात ते कोणत्या वाटेने आलं, की माणसाला प्रत्येक ठिकाणी ते आपोआपच सुचलं, देव जाणे.

आपल्याकडेही हे शास्त्र होतं. सुश्रुतसंहितेत भग्न, म्हणजे मोडलेली हाडं आणि निखळलेले सांधे, यांवर स्वतंत्र अध्याय आहेत. खांदा निसटला तर काख मुसळाने वर उचलावी आणि सांधा जागेवर आला की स्वस्तिक आकाराचा बंध बांधावा, असं तिथे सांगितलं आहे. काखेतून वर रेटा देण्याची कल्पना तीच, टाचेऐवजी मुसळ.

एकदा उतरलेला खांदा तरुण माणसात पुन्हा पुन्हा उतरतो, हेही हिपोक्रेटिसला ठाऊक होतं. त्यावरचा त्यांचा उपाय म्हणजे काखेतून तापलेल्या सळईने डाग द्यायचा. जखम भरताना व्रण आवळेल आणि हाड निसटण्याची वाट बंद होईल. कल्पना तर्काला धरून होती, पण मूळ दोष कुठे आहे ते दिसत नव्हतं. तो दाखवला लंडनच्या आर्थर बँकार्ट यांनी १९२३ साली. त्या उथळ बशीला कडेने कुर्चेची एक रबरी झालरीसारखी कड असते. खांदा पुढे निसटताना ती कड हाडापासून सुटते आणि आपोआप पुन्हा चिकटत नाही. तीच शिवून टाका, असं ते म्हणाले. आज दुर्बिणीतून होणाऱ्या या शस्त्रक्रियेलाही त्यांचंच नाव आहे.

वडिलांच्या हाताचं कोडं मला २०१७ साली एका अस्थिरोगतज्ज्ञांनी उलगडून सांगितलं. मी सहज बोलून गेलो होतो की, दंडाच्या वरच्या अंगाला डास चावला तरी कळत नाही असं वडील म्हणायचे. डॉक्टर थांबले. म्हणाले, "काका, दंडाच्या हाडाला वळसा घालून एक नस जाते. खांद्याचा गोल स्नायू आणि त्यावरची कातडी तिच्यावर अवलंबून असते. खांदा निखळताना ती ताणली जाऊ शकते. ती इजा पडतानाच झाली असेल, हात ओढताना झाली असेल. आज सांगता येणार नाही." म्हणूनच हल्ली खांदा बसवण्याआधी आणि नंतर ती कातडी बधिर आहे का ते तपासतात, आणि हाडही मोडलं आहे का हे बघायला एक्स-रे काढतात. ज्या रकमेचा धनी सापडत नाही ती आम्ही बँकेत सस्पेन्स खात्यात ठेवायचो. हाडवैद्यांच्या नावावरची ती नोंद मी त्या दिवशी तिकडे वळती केली.

बोस्टनचा हिशेबनीस

उतरलेला खांदा दिसतो. पण खांदा जागेवर असून दुखतो, त्याचं काय? इथे वैद्यकाची गाडी फार काळ अडली होती. १८७२ साली फ्रान्सच्या द्युप्ले यांनी म्हटलं की हे दुखणं सांध्याच्या आतलं नसून भोवतालच्या मऊ भागांचं आहे. त्यांनी दिलेलं 'पेरिआर्थ्रायटिस' हे नाव आपल्या पिढीने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पाहिलं असेल. १८९५ मध्ये क्ष-किरण आले, पण त्यांत हाडं दिसतात, स्नायू नाहीत. चित्र स्वच्छ आणि माणूस कळवळतोय, असा प्रकार.

या गोष्टीचा खरा नायक आहे अमेरिकेतल्या बोस्टनचा डॉक्टर, अर्नेस्ट कॉडमन. जन्म १८६९. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला हा डॉक्टर न आवडला तरच नवल. त्यांचं म्हणणं साधं होतं. इस्पितळाने प्रत्येक रुग्णाचं एक कार्ड ठेवावं. काय झालं होतं, काय केलं, आणि निदान वर्षभरानंतर तो माणूस खरोखर बरा आहे का, हे त्यावर लिहावं. नसेल, तर का नाही, कोणाचं चुकलं, तेही लिहावं. आणि हे सगळं लोकांसमोर ठेवावं. याला ते 'अखेरचा निकाल' म्हणत. आपल्या भाषेत, ताळेबंद.

सहकाऱ्यांना हे रुचलं नाही. नेमणुका आणि बढत्या ज्येष्ठतेवर, निकालावर नाहीत, याच्या निषेधार्थ कॉडमन यांनी मोठ्या इस्पितळातली जागा सोडली. १९१५ साली एका सभेत त्यांनी वाळूत डोकं खुपसलेल्या शहामृगाचं व्यंगचित्र झळकावलं आणि शहरातल्या बड्या डॉक्टरांचा रोष ओढवून घेतला. स्वतःच्या लहानशा खासगी इस्पितळात मात्र त्यांनी बोललं ते करून दाखवलं. १९११ ते १९१६ या काळातल्या ३३७ रुग्णांचे निकाल छापले आणि त्यात १२३ चुका आपल्या हाताने नोंदवल्या. बँकेच्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत स्वतःची चूक स्वतः लाल शाईने लिहिणारा शाखाधिकारी मी एकही पाहिला नाही, मी धरून!

याच कॉडमन यांनी खांदा हा आयुष्याचा विषय केला. रोटेटर कफचा स्नायू हाडापासून तुटतो आणि तो शिवता येतो, हे त्यांनी १९११ साली लिहिलं. १९३४ मध्ये 'द शोल्डर' हा ग्रंथ काढला. आज घराघरांत माहीत असलेला 'फ्रोजन शोल्डर' हा शब्द त्याच पुस्तकातला. फ्रोजन शोल्डरची लक्षणं त्यांनी लिहून ठेवली: दुखणं हळूहळू सुरू होतं, त्या कुशीवर झोपता येत नाही, हात वर आणि बाहेर वळत नाही, आणि एक्स-रे मात्र चांगला येतो. पुढे कमरेत वाकून हात लंबकासारखा लोंबकळत सोडायचा व्यायाम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. १९४० साली ते वारले. त्यांच्या थडग्यावर नावाचा दगडसुद्धा नव्हता. तो बसवला गेला २०१४ साली.

माझा गोठलेला खांदा

२००८ साली माझा डावा खांदा गोठला. मी ५७ वर्षांचा, मधुमेहाची गोळी चालू. (मधुमेह्यांना हा त्रास इतरांपेक्षा जास्त होतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.) आधी रात्रीचं दुखणं. मग पाठीमागच्या खिशातलं पाकीट काढता येईना. सदरा घालताना सौ.ला बोलवावं लागे. लोकलमध्ये वरची कडी धरता येत नसे, त्यामुळे ठाण्यापासून सीएसटीपर्यंत मी दोन माणसांच्या मध्ये नुसता अडकून उभा असे. तेलं झाली, शेक झाला, कोणी सांगितलेली पानं बांधून झाली. मनात एकच धास्ती होती, आपलाही फळा आता अर्धाच राहणार.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की सांध्याभोवतीची पिशवी जाड होऊन आवळली आहे. ज्युलियस नेव्हियासर यांनी १९४५ साली या आजारातली ही आवळलेली, जाड झालेली पिशवी दाखवून दिली होती. एक इंजेक्शन दिलं. ही स्टेरॉइडची इंजेक्शनंही तशी अलीकडची. कॉर्टिसोनचा सांधेदुखीवर पहिला वापर १९४८ चा आणि सांध्यात हायड्रोकॉर्टिसोन टोचायला लागले १९५१ च्या सुमारास. माझी साखर त्यामुळे आठवडाभर चढली, ती सांभाळली. मग फिजिओथेरपी. आपल्या मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला या विषयाचं शिक्षण सुरू झालं, तेव्हा देशात ते नवीनच होतं. आज गल्लोगल्ली फिजिओथेरपिस्ट आहेत. मला मिळालेल्या मुलीने पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली हातात देऊन लंबकाचा व्यायाम शिकवला. तो कॉडमन यांचा आहे हे तिलाही ठाऊक नसावं, मला तर नव्हतंच. भिंतीवर बोटांनी चढत जायचं आणि रोज पोचेन तिथे पेन्सिलीची खूण करायची. अठरा महिन्यांनी मी माळ्यावरचा डबा काढला. त्या खुणा आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे रंग लावेपर्यंत होत्या.

माझी चूक

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण एकदा स्वतःचं दुखणं बरं झालं की माणूस अर्धा डॉक्टर होतो. संध्याकाळच्या बाकावर मी खांद्याचा तज्ज्ञ ठरलो.

२०१६ च्या जुलैत आपल्या पार्किंगच्या उतारावर, ओल्या फरशीवर, आमचे एक स्नेही घसरले. वय ६६. हात टेकून पडले. एक्स-रे काढला, हाड मोडलेलं नव्हतं, सगळ्यांनी निःश्वास सोडला. पण हात वर जाईना. त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, "काही नाही हो, फ्रोजन शोल्डर. माझाही असाच होता. दीड वर्ष जातं, पण आपोआप सुटतो. डॉक्टरांकडे पैसे घालवू नका." एवढ्यावर थांबलो नाही. लंबकाचा व्यायाम करून दाखवला, पाण्याची बाटली माझ्याच घरून नेऊन दिली. त्यांनी विश्वासाने आठ महिने तो केला.

शेवटी वहिनींनी ऐकलं नाही आणि त्यांना खांद्याच्या तज्ज्ञांकडे घेऊन गेल्या. मीही सोबत गेलो. डॉक्टरांनी त्यांचा हात स्वतःच्या हाताने उचलला, तो सहज कानापर्यंत गेला. मग म्हणाले, "आता तुम्ही धरून ठेवा," आणि आपला हात काढून घेतला. हात खाली पडला.

त्या पाच सेकंदांत मला माझी चूक कळली. फ्रोजन शोल्डरमध्ये हात दुसऱ्याने उचलला तरी जात नाही. सांधाच आवळलेला असतो. स्नायू तुटला असेल तर दुसऱ्याने उचलला की जातो, स्वतःला उचलत नाही. एकात कुलूप गंजलेलं, दुसऱ्यात किल्लीच मोडलेली. बाहेरून दोन्ही दारं बंदच दिसतात.

एमआरआय झाला. कफचा मोठा भाग तुटून मागे आखडला होता आणि स्नायूच्या जागी चरबी धरली होती. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "पडल्यावर काही आठवड्यांत आला असता तर शिवायचा विचार करता आला असता. आता तो ओढून जागेवर येणार नाही." वहिनी माझ्याकडे पाहत नव्हत्या. परतीच्या रिक्षात कोणीच बोललं नाही.

उलटा सांधा

ज्यांचा कफ शिवता येत नाही त्यांच्यासाठी आज जो मार्ग आहे, त्याचाही इतिहास सांगण्यासारखा आहे. पॅरिसमध्ये १८९३ साली ज्यूल पेआँ यांनी क्षयाने खांद्याचं हाड गेलेल्या एका माणसाला प्लॅटिनम आणि कडक केलेल्या रबराचा कृत्रिम सांधा बसवला. बनवला होता एका दंतवैद्याने. सुमारे दोन वर्षांनी संसर्गामुळे तो काढावा लागला, पण तेवढी दोन वर्षं तो हात कामी आला. पुढे न्यूयॉर्कच्या चार्ल्स नीर यांनी चकनाचूर झालेल्या खांद्यासाठी धातूचा गोळा बनवला आणि १९५५ साली त्याचे अनुभव प्रसिद्ध केले. मात्र ज्याचा कफच तुटला आहे, त्याच्या खांद्यात नवा गोळा घालूनही हात नीट उचलत नाही, कारण लिंबू बशीवर धरून ठेवणाराच नाही.

हे कोडं सोडवलं फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पॉल ग्रामाँ यांनी, १९८५ च्या सुमारास. त्यांनी सांधा उलटाच केला. गोळा पात्याच्या हाडावर आणि बशी दंडाच्या हाडावर. असे प्रयत्न सत्तरच्या दशकातही झाले होते, पण बसवलेले भाग सैल होत. ग्रामाँ यांनी फिरण्याचा मध्य थोडा आत आणि खाली नेला, त्यामुळे बाहेरचा गोल स्नायू एकटाच हात उचलू लागला.

आमच्या स्नेह्यांनी आधी दोन वर्षं व्यायामावर काढली. २०१९ साली त्यांच्यावर ही शस्त्रक्रिया झाली. आज त्यांचा हात डोक्यावर जातो, केस विंचरता येतात. मात्र तो पाठीमागे पूर्वीसारखा वळत नाही आणि जड उचलायला बंदी आहे. खर्चाचा आकडा मी लिहीत नाही. मी एकदा त्यांची माफी मागितली तेव्हा ते म्हणाले, "अहो, तुमचा सल्ला फुकट होता, म्हणूनच महाग पडला." हसत म्हणाले, पण ते वाक्य मी विसरलेलो नाही. हा लेख लिहू का, असं विचारलं तर म्हणाले, "लिहा. माझं नाव घालू नका आणि तुमची चूक कमी करून लिहू नका."

पुन्हा हिशेब

असं वाचून कोणाला वाटेल की खांदा दुखला की धावा ऑपरेशनला. तसंही नाही, आणि इथेच कॉडमन पुन्हा आठवतात.

सांध्यात दुर्बीण घालण्याचा एक सुरुवातीचा प्रयोग जपानमध्ये १९१८ साली ताकागी यांनी केला. खांद्यासाठी ती सर्रास वापरात आली ऐंशीच्या दशकापासून. २००६ साली सचिन तेंडुलकरच्या खांद्यावर लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाली, तेव्हा आपल्या नाक्यावरही तिची चर्चा होती. दुर्बिणीमुळे फार चांगली कामं झाली. पण एक शस्त्रक्रिया फारच फोफावली. नीर यांनी १९७२ साली मांडलं होतं की, खांद्याच्या वरचं हाड कफवर घासतं म्हणून दुखतं, ते तासावं. मग जगभर ते तासणं सुरू झालं. अनेक वर्षांनी ब्रिटनमध्ये कॉडमन यांच्या पद्धतीने हिशेब मांडला गेला. काही रुग्णांचं हाड तासलं, काहींना नुसती दुर्बीण घालून काढली, काहींवर काहीच केलं नाही. २०१८ साली 'लॅन्सेट'मध्ये छापलेला निष्कर्ष असा की, तिन्ही गटांत रुग्णाला जाणवेल असा मोठा फरक पडला नाही. फ्रोजन शोल्डरचंही तसंच. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ५०३ रुग्णांच्या ब्रिटिश अभ्यासात इंजेक्शनसह फिजिओथेरपी, भूल देऊन हात मोकळा करणं आणि दुर्बिणीतून पिशवी सोडवणं यांपैकी एकही उपाय वर्षअखेर इतरांपेक्षा ठळकपणे सरस ठरला नाही.

पण हे निकाल त्या त्या दुखण्यापुरतेच. पडल्यावर तुटलेला स्नायू, पुन्हा पुन्हा निखळणारा तरुण खांदा, यांना ते लागू करायचे नाहीत. म्हणजे इतिहासाने मला दोन गोष्टी शिकवल्या. कोणतं दुखणं आहे हे आधी तज्ज्ञाकडून ठरवून घ्यावं. आणि उपाय सुचवणाऱ्याला विचारावं की, हा न केल्यास काय होईल आणि वर्षाने माणसं कशी असतात. चांगल्या डॉक्टरांना हा प्रश्न खटकत नाही, हा माझा अनुभव आहे.

आणखी एक, इतिहासाबाहेरचं. डावा खांदा दुखतोय आणि सोबत घाम, धाप, छातीवर दडपण असेल, तर तो खांदा नव्हे, हृदय असू शकतं. तेव्हा लेख वाचत बसू नये.

आपली नोंदवही

२०१७ साली मी व्यवस्थापक समितीत होतो. कॉडमन यांच्या कार्डाची नक्कल म्हणून सोसायटीच्या ऑफिसात दोनशे पानी एक वही ठेवली. आवारात कोणी पडलं की तारीख, जागा, काय लागलं आणि सहा महिन्यांनी कसे आहेत, एवढंच लिहायचं. सुरुवातीला काहींनी चेष्टा केली. दोन पावसाळ्यांत अकरा नोंदी झाल्या, त्यातल्या सात एकाच उतारावरच्या होत्या. मग सर्वसाधारण सभेत फारशी भांडणं न होता (हाही एक विक्रमच) तिथे खडबडीत फरशी आणि स्टीलचा कठडा मंजूर झाला. त्यानंतर त्या उतारावर आजवर दोनच जण पडलेत, आणि त्यातले एक धावत्या मांजराला चुकवताना.

वहीतली पहिली नोंद मी मागच्या तारखेने केली आहे. जुलै २०१६, पार्किंगचा उतार, उजवा खांदा. शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने लिहिलं आहे: चुकीचा सल्ला, आठ महिने वाया. खाली माझी सही.

ही वही ऑफिसात कपाटाच्या दुसऱ्या खणात आहे. नव्या समितीने ती चालू ठेवावी, एवढीच या रौप्यमहोत्सवी वर्षात माझी विनंती. २५ वर्षं आपण सगळे खांद्याला खांदा लावून राहिलो. पुढची २५ वर्षंही ते सगळे खांदे धड राहोत, ही सदिच्छा.